मिठाची भाकरी

आमच्या देवळाच्या फाटकाला कडी नव्हती, कारण बाबांनी ती कधी लावूच दिली नाही. देऊळ म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनेचं ठिकाण. पनवेलात आमची चाळीसेक माणसांची मंडळी, बाबा तिचे पाळक, आणि देवळाच्याच आवारात मागच्या अंगाला आमचं तीन खोल्यांचं कौलारू घर. समोरच्या रांगेत बैलगाड्यांची चाकं करणारे. सकाळी उठल्यापासून वाकसानं लाकूड तासल्याचा आवाज कानावर पडायचा तो अंधार पडेपर्यंत. दुपारी तापून लाल झालेली लोखंडी धाव चाकावर चढवायचे आणि तिच्यावर घागरीनं पाणी ओतायचे. मग सगळ्या गल्लीत वाफ आणि जळक्या लाकडाचा वास. त्या वासात मी वाढले. लहानपण गोड असतं असं लोक म्हणतात. माझं मारामाऱ्यांत गेलं, आणि मला त्या बघायला आवडायच्या, हे आता कबूल करायला हरकत नाही. लाजण्याचं वय कधीच सरलं.

भाताच्या गिरण्यांना माल घेऊन येणारे गाडीवान बैल पाजायला तळ्यावर जायचे, आणि कुणाचे बैल आधी पाण्याला लागायचे यावरून रोज जुंपायची. आधी शिव्या, मग चाबूक, मग जोखडातली शिवळ उपसून सरळ टाळक्यात. डोकी फुटली की ती माणसं इस्पितळाकडं न जाता आमच्या फाटकातून आत यायची, कारण आमचं घर जवळ होतं. आई चुलीवर पाणी ठेवायची आणि जुनी चादर फाडायला घ्यायची. शेजारची हमीदाबी हाडं बसवण्यात वाकबगार. तिला कुंपणावरून हाक मारली की ती हातातलं काम टाकून यायची. मी रक्तानं भरलेली तपेली अंगणाच्या कडेला ओतायची. मला कधी मळमळलं नाही. ‘ही पोर कसायाकडं द्यायला हवी होती,’ असं आई म्हणायची.

बाबांचं म्हणणं असं की, देवळानं वस्तीला नुसता उपदेश करू नये, वस्तीच्या भांडणात जाऊन मधे उभं राहावं. देवानं आपल्याला इथं ठेवलंय ते समेट घडवायला, नाहीतर चाळीस माणसांनी एका खोलीत गाणी म्हणण्यात त्याला काय गोडी? हे ते व्यासपीठावरून बोलत, आणि बोलून थांबत नसत. एकदा तळ्यावर दोन गाडीवान एकमेकांचे जीव घ्यायला उठलेले असताना बाबा धोतराचा काष्टा खोचून त्यांच्यामधे जाऊन उभे राहिले. एकाचा चाबूक त्यांच्या उजव्या गालावर बसला आणि गाल फाटला. बाबांनी शिकवणीप्रमाणं डावा पुढं केला. वस्तीतले लोक ही गोष्ट सांगताना इथं थांबायचे आणि गाडीवान पाया पडला म्हणायचे. मी तिथं होते. त्यानं दुसऱ्या गालावरही मारला. तिसरा मात्र मारला नाही. चाबूक टाकून तो पाण्याच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. त्या दिवसापासून बाबांचा या उपायावर पक्का विश्वास बसला, आणि डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळं माझाही. आई मात्र या शिकवणीच्या बाहेर होती. तिचं उलथनं गाल बघून पडत नसे.

आमच्याकडं दर तीन महिन्यांनी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. त्याच्या आदल्या दिवशी समेटाचा शनिवार. ज्यांचं आपापसांत वाकडं असेल त्यांनी तो शनिवार चुकवायचा नाही, कारण भाऊ तुझ्यावर नाराज असताना तू माझ्या मेजावर येऊ नकोस असं आमचा प्रभू म्हणतो. दुसऱ्या मंडळ्यांत लोक हात मिळवतात आणि मोकळे होतात. आमच्या मंडळीनं स्वतःची वेगळी रीत पाडली होती. आई तांदळाची एक भाकरी थापायची, वर मिठागरातलं जाडं मीठ भुरभुरायची. बाबा ती मोडून दोन तुकडे करायचे, आणि भांडलेल्या दोघांनी एकमेकांना भरवायचं. भाकरी गिळली की भांडण गिळलं. पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही, इतरांनीही त्याची चौकशी करायची नाही, आणि जो काढील तो दोषी. या नियमात सूट नव्हती. आमच्या एका वयस्क पंचांनी दोन जावांच्या कोंबडीवरच्या जुन्या भांडणाची नुसती थट्टा केली, तर बाबांनी त्यांना तीन महिने प्रभुभोजनाला बसू दिलं नाही. वस्तीतली इतर माणसंही या भाकरीला यायची. मासळीवाल्या यायच्या, गाडीवान यायचे, एकदा तर हमीदाबी आणि तिची नणंद येऊन मिठाची भाकरी खाऊन गेल्या. इतकी ती रीत लोकांना लागू पडली होती. आम्हाला तिचा गर्व होता, आणि तो गर्व आम्ही देवाच्या नावावर खपवत होतो.

चांगुणा आली ती एका सकाळी, नऊच्या सुमाराला, उघड्या फाटकातून. मी अंगणात वाल सोलत होते. तिच्या डाव्या कानाची पाळी फाटून लोंबत होती आणि रक्त चोळीत गेलं होतं. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि सुपातले वाल सोलायला लागली. चार वाल सोलून झाल्यावर आडवी झाली. तिचा नवरा दामू समोरच्या कारखान्यात होता. चाकाचे आरे त्याच्यासारखे कुणी बसवत नाही असं सगळे म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी दोघांनी बाबांच्या हातून बाप्तिस्मा घेतला होता. नावं बाबांनी बदलली नव्हती. देवाला चांगुणा म्हणता येतं, असं ते म्हणत. चांगुणाचं माहेर खाडीकाठी, मिठागरावर राबणारं. बाप्तिस्म्यानंतर माहेरचं दार बंद झालं. दामू घाटावरून एकटाच आलेला. म्हणजे तिला जायला आमच्या फाटकाशिवाय जागा नव्हती. दामू दारू पीत नव्हता हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत दारू असली की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. तो शुद्धीवर मारायचा. कालवण खारट झालं म्हणून, दार उघडायला उशीर झाला म्हणून, तिला हसू आलं म्हणून. आणि ती हसायची फार.

हमीदाबीनं कान शिवला. चांगुणा आमच्याकडं सहा आठवडे राहिली. तिच्या हातचा सुका जवळा आजही जिभेवर आहे. कांदा जवळजवळ जळू द्यायची, मग जवळा टाकायची आणि कोकमाचं आगळ शिंपडायची. आईनं दोन दिवसांत चूल तिच्या ताब्यात देऊन टाकली. ती माझ्या गोधडीत निजायची, आणि झोपेत दोन्ही हात डोक्यावर आडवे धरायची. कुणी कूस बदलली तरी दचकून ओरडायची. मी चौदा वर्षांची होते. पहिला आठवडा मला तिची फार दया आली. चौथ्या आठवड्यात दया संपली आणि मला माझी गोधडी परत हवी झाली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नातसुनेला वाटतं आजी म्हणजे मोठी धीराची बाई, आणि मी तिला तसं वाटू देते.

दामू बुधवारच्या प्रार्थनेला यायला लागला. मागच्या बाकावर बसायचा. दोन बुधवार गप्प होता. तिसऱ्या बुधवारी उभा राहून सगळ्यांसमोर रडला. ‘माझ्या हातात सैतान बसलाय,’ म्हणाला. ते रडणं खोटं नव्हतं. मी फार वर्षं ते खोटं होतं असं धरून चालले, कारण तसं सोपं पडतं; पण तो खराच रडत होता. बाबा घरी आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं.

“येत्या शनिवारी भाकरी घालू,” ते म्हणाले.

आई भात वाढत होती. तिचा हात थांबला. “अहो, राहू द्या तिला अजून थोडे दिवस. तो रडला म्हणजे काय मोठं? माझ्यापेक्षा तर तो जास्त रडतो.”

“क्षमा मागणाऱ्याला दार लावायचं असेल तर हे देऊळ कशाला हवं?”

“दार त्याला लावा म्हणत नाही मी. तिला बाहेर काढू नका म्हणते.”

हमीदाबीनं दुसऱ्या दिवशी कुंपणावरूनच सांगितलं, “पाळकसाब, अजून जखम वली हाय. नवऱ्याला सहा महिने येऊ दे, बसू दे, रडू दे. घाई कशाला करता?” बाबांनी तिला हात जोडले, पण मत बदललं नाही. तळ्यावरचा तो चाबूक त्यांच्या डोळ्यांपुढं होता. माणूस वितळतो हे त्यांनी स्वतःच्या गालावर पाहिलं होतं, त्यापुढं कुणाचं काय चालणार?

शुक्रवारी दुपारी चांगुणा विहिरीवर माझा परकर धूत होती. वर न बघता तिनं विचारलं, “मार्था, तू शिकलेली हाय. सांग मना, जाऊ का?”

मी पाळकाची मुलगी. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. “त्यानं क्षमा मागितली ना? मग जायला हवं. देव बघून घेईल.”

“देव बघल,” ती म्हणाली आणि परकर पिळला.

शनिवारी दोघांनी एकमेकांना भाकरी भरवली. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. रविवारी दोघं शेजारी शेजारी प्रभुभोजनाला बसले. बाबांनी त्या दिवशी जे प्रवचन केलं ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं होतं, असं पंच म्हणाले. मला माझी गोधडी मिळाली.

पुढच्या रविवारी चांगुणा आली ती पदर ओठांवर धरून. गाताना पदर सरला तेव्हा खालचा ओठ सुजलेला दिसला. सगळ्यांना दिसला, चाळीस माणसांत काय लपतं? पण कुणी विचारलं नाही. भाकरी खाल्लेल्या भांडणाची चौकशी करायची नाही. बाबांनी तिचा हात हातात घेऊन ‘शांती असो’ म्हटलं आणि ते पुढच्या बाईकडं वळले. बाबांना ओठ दिसला नव्हता असं नाही. एखादी बाई दुसऱ्या गल्लीतून तसा ओठ घेऊन आली असती, तर बाबा तडक तिच्या घरी जाऊन तिच्या नवऱ्यासमोर उभे राहिले असते. आपल्याच भाकरीनं त्यांचे पाय बांधले होते.

आणि त्यानंतरच्या आठवड्यात ती भर दुपारी आमच्या विहिरीवर आली. मी एकटीच होते. “पाठीवर पानी टाक,” म्हणाली आणि चोळीची गाठ सोडली. पाठीवर तीन डाग होते, तापलेल्या लोखंडी पट्टीचे, समांतर, मोजून दिल्यासारखे. मधला फुटून पाणी वाहत होतं. मी घागर कलती केली. ती दात आवळून बसली होती.

“बाबांना सांगते,” मी म्हटलं.

“नको. भाकरी खाल्लीय मी. मी बोलली तर मीच दोषी.” मग म्हणाली, “तू पन बोलू नको.”

मी बोलले नाही. आज वाटतं, ती मला सांगायलाच आली होती. विहिरी काय गल्लीत कमी होत्या? पण मला त्या वेळी आपण नियम पाळतोय याचं समाधान वाटलं, आणि त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती: बोलले असते तर ती परत माझ्या गोधडीत आली असती.

दहा दिवसांनी, बुधवारी, बाराच्या सुमाराला, ती फाटकातून धावत आत आली. मी ओसरीवर उखळात मिरच्या कुटत होते. तिच्या मागं दामू, हातात लाकूड तासायचं वाकस. समोरच्या कारखान्यातले आवाज एकदम बंद पडले. बाबा देवळाच्या पायरीवर झाडलोट करत होते. ते केरसुणी टाकून मधे आले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. “दामू, मला मार,” ते म्हणाले. अगदी शांत आवाजात. दामूनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. खांद्यानं त्यांना बाजूला लोटलं, आणि बाबा पायरीवर पडले, कपाळ फुटलं. चांगुणा देवळाच्या दाराशी पोचली होती. तिनं वळून दोन्ही हात डोक्यावर धरले, जसे झोपेत धरायची तसे. पहिला घाव उजव्या मनगटावर बसला. हात तुटला नाही, लोंबला. दुसरा खांद्यात रुतला आणि वाकस निघेना, म्हणून तो पाय तिच्या कुशीवर ठेवून ते ओढायला लागला.

मी मुसळ घेऊन कधी उठले ते मला आठवत नाही. पहिला घाव त्याच्या गुडघ्यामागं घातला. तो खाली आला. मग नडगीवर. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखत होते, आमच्या अंगणात किती वेळा ऐकला होता. तो आवाज आल्यावर मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. त्याच्या पाठीवर, हातावर, जिथं दिसेल तिथं घालत राहिले. मुसळाला मिरच्या लागलेल्या, त्या त्याच्या जखमांत जात होत्या, तो किंचाळत होता आणि मला बरं वाटत होतं. हमीदाबीनं मागून येऊन मला कवळ घातली, तेव्हा मुसळ सुटलं. बाबा पायरीवर बसून आमच्याकडं बघत होते. त्यांच्या कपाळातून रक्त डोळ्यांत उतरत होतं आणि ते पुसत नव्हते. ते चांगुणाकडं बघत होते की माझ्याकडं, हे मला कळलं नाही.

चांगुणाला ट्रकमधे घालून मुंबईच्या इस्पितळात नेलं. तिथं उजवा हात मनगटापासून काढला. दामू लंगडत तुरुंगात गेला. आणि मी गल्लीची लाडकी झाले. कारखान्यातले कारागीर मला बघून कपाळाला हात लावायचे, मासळीवाल्या वाट्यावर दोन बोंबील वर टाकायच्या. ‘पालकाच्या पोरीनं राखली बाईला,’ म्हणायच्या. मी ते सगळं घेतलं. मान जरा ताठ करून चालायला लागले. बाबा मला रागावले नाहीत, शाबासही म्हणाले नाहीत. ते फार कमी बोलू लागले होते. रविवारचं प्रवचन पंच वाचून दाखवत.

चांगुणा आमच्याकडं परत आली तेव्हा पुढचा समेटाचा शनिवार पंधरा दिवसांवर आला होता. ती डाव्या हातानं चूल पेटवायला शिकत होती आणि कुणी मदतीला गेलं तर त्याला हाकलत होती. त्या शनिवारी बाबांनी आईला सांगितलं, एक भाकरी माझ्यासाठी कर. आईनं पीठ मळायला घेतलं.

दुपारी मंडळी जमली. बायका डावीकडं सतरंजीवर, चांगुणा भिंतीला टेकून. वस्तीतलेही बरेच आले होते, दारात हमीदाबी उभी होती. बाबा मेजामागून पुढं आले आणि चांगुणासमोर जमिनीवर बसले. पाळक जमिनीवर बसलेला आम्ही कधी पाहिला नव्हता.

“चांगुणा,” ते म्हणाले, “तू या फाटकातून जगायला आली होतीस. मी तुला परत पाठवलं. तुझा ओठ मला दिसला होता, तरी मी विचारलं नाही. दामूचा गुन्हा दामूपाशी. हा माझा आहे. क्षमा करता आली तर कर.” त्यांनी भाकरी मोडली आणि अर्धा तुकडा तिच्यापुढं धरला.

तिनं भाकरीकडं बघितलं, मग बाबांकडं. आता ती तोंड उघडील असं सगळ्यांना वाटलं, कारण त्या जागी भाकरी नाकारलेली कुणी पाहिली नव्हती.

“नाय, पालकबाबा,” ती म्हणाली.

कुणीतरी खोकलं. पंच उठून म्हणाले, “बाई, पाळकसाहेब स्वतः मागतायत. आपली रीत आहे.”

“तुमच्यावर राग हाय म्हनून नाय म्हनत नाय मी,” ती बाबांनाच सांगत होती. “राग हाय. पन ही भाकरी खाल्ली का तोंड बंद. मग कवाच बोलता येनार नाय. मना बोलायचं हाय.”

बाबांचा हात तसाच पुढं होता. तो खाली यायला बराच वेळ लागला. मग त्यांनी दोन्ही तुकडे ताटलीत ठेवले आणि ताटली बाजूला सारली. पंच पुन्हा काही बोलणार, तर बाबा त्यांच्याकडं न बघताच म्हणाले, “बसा तुम्ही. चांगुणा, बोल.”

ती बोलली. लग्नाच्या चौथ्या दिवसापासून सुरुवात केली. कशानं मारलं, कुठं मारलं, त्या वेळी चुलीवर काय होतं, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. बायका माना खाली घालून ऐकत होत्या, आणि त्यांच्यातल्या एकदोघी आपापल्या नवऱ्यांकडं बघत होत्या. मी पहिल्या ओळीत बसले होते, ज्या जागेवर त्या दोन महिन्यांत लोक मला आग्रहानं बसवायचे. ती भाकरी खाल्ल्या दिवसापाशी आली. मग सुजलेल्या ओठापाशी. मग तापलेल्या पट्टीपाशी.

“दुपारी मी विहिरीवर आली,” ती म्हणाली. “मार्थानं पाठ बघितली. तिनंच पानी टाकलं.”

दारात उभ्या हमीदाबीनं तोंडावर हात ठेवला. आई माझ्या शेजारी होती. ती माझ्याकडं वळली नाही. बाबांनी मान वर केली.

“मार्था, खरं?”

चांगुणा माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. ती फक्त घडलेलं सांगत होती, आणि मी त्यातली होते. मी उठून उभी राहिले.

“खरं,” मी म्हटलं.

बाबांनी मला बस म्हटलं नाही. चांगुणा पुढं सांगू लागली, आणि तिचं संपेपर्यंत मी उभीच होते.